वार मोजल्याशिवाय

काकांना बंदुकीचा नाद आहे हे मला अमेरिकेत हर्नडनला येऊन बरेच महिने झाले तरी ठाऊक नव्हतं. मंडळाच्या गणपतीत आरतीला टाळ वाजवणारे रिटायर्ड डॉक्टर, बोलायला गोड, एवढीच माझी ओळख. त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा काकूंनी गोडा मसाला घातलेला एक रस्सा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला आणि म्हणाल्या, "हा तुझ्यासाठी नाही. ह्यांनी मारलेलं हरीण आहे." मी पक्की शाकाहारी, त्यात जिभेला हाड नाही. "काका, गरिबाला कशाला मारता?" असं मी तिथंच विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "उगाच नाही मारत. वार मोजल्याशिवाय वार करत नाही."

वार म्हणजे यार्ड. हा त्यांचा ठरलेला विनोद होता, पण नियमही तोच होता. विदर्भात त्यांच्या घरचं कापडाचं दुकान होतं. वडिलांच्या गादीशेजारी बसून लहानपण गेलेलं, त्यामुळे इतकी वर्षं अमेरिकेत काढूनही त्यांना अंतर दिसायचं ते लुगड्यांत. नऊवारी लुगडी मनातल्या मनात गवतावर एकापुढं एक अंथरायची, हरणापर्यंत किती बसतात ते बघायचं आणि नऊनं गुणायचं. त्यांचे गोरे मित्र आधी हसायचे, मग त्यांनाच अंतर विचारायचे.

दोन हजार पाचच्या शिकारीच्या सीझनला मात्र घोटाळा झाला. त्यांनी झाडलेली गोळी एका हरिणीच्या मागच्या पायाला लागली आणि ती तशीच पळाली. काका अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. ती सापडली नाही. ते कितीतरी दिवस धड जेवले नाहीत, असं काकू सांगत होत्या. "माझा अंदाज चुकला, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लुगडी नीट दिसत नाहीत," एवढंच काका म्हणायचे. बंदूक कपाटात गेली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा मला फोन आला. "तू टेस्टर आहेस ना? मला लेझरनं अंतर मोजायचं यंत्र घ्यायचंय. आकडा पक्का मिळाला तर मी पुन्हा जाईन, नाहीतर बंदूक देऊन टाकीन. तू बघ."

सॉफ्टवेअर टेस्टर म्हणजे खोक्यावर लिहिलेल्या कशावरही विश्वास न ठेवण्याचा पगार घेणारी बाई. शिकार मला आवडत नव्हती, आजही आवडत नाही. पण जखमी जनावरासाठी ज्याचा घास अडतो, त्या माणसाला निदान आकडा तरी बरोबर मिळावा असं मला मनापासून वाटलं. मी कंबर कसून रिव्ह्यू वाचायला बसले.

ही यंत्रं दिसायला एका मुठीत मावणाऱ्या दुर्बिणीसारखी. आतून नेम धरायचा, बटण दाबायचं, न दिसणारा किरण जाऊन परत येतो आणि आकडा उमटतो. खोक्यावर लिहिलेलं असतं आठशे यार्ड. पण ते चकचकीत पाटीवर, हरणाच्या अंगावर त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. मध्ये एखादी फांदी आली तर यंत्र तिचंच अंतर सांगून मोकळं होतं. मी काकांना मीटरचीही सोय असल्याचं कौतुकानं सांगितलं, तर म्हणाले, "मीटर तुझ्या पुण्याला ठेव."

आपल्या लोकांना अमेरिकेतली सगळ्यात आवडलेली गोष्ट कोणती, तर घेतलेली वस्तू परत करता येते. आम्ही तीन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं उचलून आणली, बिलं जपून ठेवली आणि रविवारी काकांच्या घरामागच्या माळावर टेस्टिंग मांडलं. काकूंनी गोधडीसाठी ठेवलेलं एक जुनं लुगडं काढलं. काकांनी मागच्या दारच्या लाकडी डेकवरून कुंपणाच्या खांबाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वीस लुगडी." मग काकू आणि मी लुगड्याची दोन टोकं धरून खरोखरच अंथरत निघालो. वीस लुगडी बसली, वर वीतभर.

काकू तिथंच खांबाशी लुगडं उंच धरून उभ्या राहिल्या. मी परत येऊन तिन्ही यंत्रांतून पाहिलं. एकशे ऐंशी, एकशे एक्याऐंशी, एकशे ऐंशी. मग काकांनी पहिलं यंत्र डोळ्याला लावलं.

"एकशे ऐंशी. नाही, दोनशे साठ. आता नुसत्या रेघा येतायत. बेकार आहे हे, दुसरं दे."

दोनशे साठवर काकूंच्या मागची झाडं होती. दुसऱ्यानंही तेच केलं, तिसऱ्यानंही. लांबून काकू ओरडल्या, "अहो, हात भरून आले माझे."

तीन कंपन्यांच्या यंत्रांत एकच बग कधी नसतो. मी काकांच्या हातांकडे पाहिलं. यंत्राचं टोक बारीक थरथरत होतं. एरवी तोंडावर बोलणारी मी, म्हणाले, "बॅटरी लो असेल, काका."

"बॅटरी नाही," ते म्हणाले. त्यांनी उजवा हात समोर धरून, एखाद्या पेशंटचा पाहावा तसा पाहिला. "असलं काही सांगायचं असलं की मी पेशंटला आधी बसायला सांगायचो."

मी खुर्ची ओढली. ते बसले. काकू लुगडं गोळा करत आल्या आणि आमची तोंडं पाहून त्यांना कळलं. "चहा बशीत सांडायला लागला तेव्हाच मला दिसलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही डॉक्टर, तुमचं तुम्हीच ओळखाल."

"म्हणजे त्या दिवशी लुगडी चुकली नव्हती ग," काका म्हणाले. "हात हलला होता." मला फार वाईट वाटलं. शिकार सुटणार म्हणून आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

"तिन्ही रिटर्न करू का?" मी निघताना विचारलं.

"दोन कर. एक राहू दे." त्याच आठवड्यात बंदूक त्यांच्या शिकारीच्या मित्राकडे गेली.

नोव्हेंबरात एका सकाळी मी ऑफिसात असताना काकांचा फोन आला. ते अगदी दबक्या आवाजात बोलत होते. माळावर एक हरिणी आली होती, मागच्या पायानं लंगडत.

"तीच आहे का?" मी विचारलं.

"काय सांगावं. मी तीच धरून चाललोय."

"किती लांब आहे?"

"एकशे चाळीस वार," काका म्हणाले. "डेकच्या कठड्यावर लुगड्याची घडी ठेवून तिच्यावर यंत्र टेकवलंय. आकडा जरासुद्धा हलत नाही."