नायलॉनच्या बाजेवरची बाळंतीण

मुलगी झाली त्या आठवड्यात आमच्या घरी एकाच गोष्टीवर वाद चालू होता: मी बाळंत झाले आहे की नाही. मुलगी माझ्या मांडीवर दूध पीत होती, पण आत्याला तो पुरावा पुरेसा वाटत नव्हता.

"सीझर मंजे बाळंतपण न्हाई," आत्या म्हणाली. "आप्रेशन हाय ते. अपेंडिक्सचं असतंय तसं."

"अपेंडिक्सचं बारसं करतेत का मंग?" मी विचारलं.

"टाके पडले तरी जीभ काय आखूड झाली न्हाई हिची," ती माझ्या आईला म्हणाली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. खास माझ्या बाळंतपणासाठी पाथरीहून देवगाव फाट्याजवळच्या आमच्या गावी आली, आणि बाळंतपण झालंच नाही असं जाहीर करून मुक्कामाला राहिली. तिची पाचही लेकरं घरीच झाली. धाकट्याच्या वेळी ती म्हणे चूल सारवत होती. मधेच उठून बाळंत झाली आणि राहिलेली चूल सारवून टाकली. (हे ती स्वतःच सांगते. साक्षीदार कुणी उरलेले नाहीत.)

तिचं मत तिच्यापाशी राहिलं असतं तर माझी हरकत नव्हती. पण आईने केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा तिने वरच्या फळीवर ठेवून दिला. लाडू बाळंतिणीला, आणि मी पडले पेशंट! मला मुगाचं पाणी. भेटायला येणाऱ्या बायांना ती दारातच सांगायची, "कळा न्हाईत, काय न्हाई. झोपली अन् उठली, पोरगी हातात."

झोपली अन् उठली! बाळाचे ठोके कमी झाले म्हणून मला धावतपळत आत नेलं होतं, आणि पडद्यापलीकडून ती रडेपर्यंत मी जिवंत माणसात नव्हते. घरी आल्यावर कूस बदलायला मला पाच मिनिटं लागायची. शिंक आली की उशी पोटाशी आवळून धरायची आणि डोळे मिटायचे. आणि ही बाई मला झोपून उठलेली म्हणते?

मी हट्टाला पेटले. म्हटलं, बाळंतिणीचं जे जे असतं ते सगळं मला पाहिजे. पहिल्यांदा शेक.

शेक म्हणजे बाजेखाली घमेल्यात निखारे ठेवायचे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकायचा, आणि वर बाळंतिणीने पडून राहायचं. डॉक्टरीणबाईंनी टाक्यांना ऊब लागू देऊ नका असं बजावलं होतं. मी म्हटलं, टाके पुढे आहेत, मी पाठ शेकते.

"डॉक्टर न्हाई म्हनल्यात ना बाई," आई म्हणाली.

"वहिनी, तिला लय हौस आली, तर होऊन जाऊ दे," आत्या म्हणाली आणि निखारे घेऊन आली. लाडू द्यावे लागतील ह्यापेक्षा शेक तिला परवडत होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आत्याच्या पाचही बाळंतपणांतली बाज सुंभाची होती. आमची बाज भावाने गेल्या वर्षीच सेलूच्या बाजारातून निळ्या-पिवळ्या पट्ट्या आणून विणून घेतली होती. नायलॉनच्या. आणखी एक गोष्ट सांगायला हवी, पण ती सांगताना मान खाली जाते. मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. उष्णतेने पदार्थाची अवस्था बदलते, हा धडा मी दर वर्षी मेणबत्ती पेटवून घेते.

पहिली दहा मिनिटं मला स्वर्ग दिसला. मग आई मुलीला खांद्यावर घेऊन दारात आली आणि हवा हुंगत म्हणाली, "वन्सं, वास कशाचा यायलाय?"

"बाळंतशेपाचा."

"शेपाचा असा नसतोय. पिलास्टिक जळायलंय."

कमरेखालची एक पट्टी तुटली. मग दुसरी. आईने पायानेच घमेलं बाहेर ओढलं, आणि त्याच क्षणी मी खाली गेले. सगळी नाही, मधली तेवढीच. ढुंगण जमिनीला, गुडघे नाकाला, आणि दोन्ही पाय बाजेच्या चौकटीवर.

"टाके," मी ओरडले. "माझे टाके गेले!"

आत्याने हात धरून ओढलं, तर बाज माझ्याबरोबर उठली. शेवटी आईने मुलीला पाळण्यात टाकलं आणि दोघींनी बाज माझ्यासकट कलती करून मला बाहेर सरकवलं. मी भुईवर पडून होते. टाके उसवले असतील तर मुलीला उचलायचं कुणी, एवढंच डोक्यात.

आत्याने बघायला पोटावरचं लुगडं बाजूला केलं. टाके शाबूत होते. पण ते तिने पहिल्यांदाच पाहिले होते.

"एवढं?" ती म्हणाली. "मला वाटलं, बोटभर असंल." मग हळूच म्हणाली, "लय दुखायलं का गं?"

सात दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी हमसून रडले, टाके ओढत होते तरी रडले. आत्याने उठून फळीवरचा डबा काढला आणि लाडू स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला.

त्या दिवसापासून तिचं मत बदललं, तेही पाथरीपासून सेलूपर्यंत सगळ्यांना कळेल असं. "ही खरी बाळंतीण," ती येईल त्या बाईला सांगायची, "दाखव गं." आणि मी दाखवायचे! लाजबीज सोडली. ज्या बाया मला झोपून उठलेली समजत होत्या, त्यांना तर बोलावून दाखवलं. एकदा दारावर पाटीतून शेवग्याच्या शेंगा विकायला बाई आली, तिला न विचारताच टाके दाखवले.

तिने शांतपणे बघितलं, मग स्वतःचा पदर सरकवला. तिचा सीझरचा व्रण माझ्याहून चांगला चार बोटं लांब होता.

"बाळंत होऊन तिसरा महिना चालू हाय," ती म्हणाली. "आता जरा पाटी उचलू लागा, बाई."