डोलकाठीचा खांब

देवाधर्माच्या बाबतीत मी तशी कोरडीच. टिळकवाडीतल्या आमच्या घरात सणवार झाले, पण नवस मी कधी बोलले नाही. मूलबाळ झालं नाही, तेव्हाही नाही. यंदा मात्र नणंदेच्या गावी जायला आम्ही निघालो आणि निपाणीच्या बसस्टँडवर मी पाण्याची बाटली घेऊन वळते तोवर आमचे हे गायब! ह्यांना विसरण्याचा आजार आहे. स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही. समोर येईल त्याला "जेवलासा काय?" हेच विचारतात. पोलिसांत सांगितलं, कोल्हापूरच्या गाड्या धुंडाळल्या. रात्र गेली, दिवस उजाडला, तरी पत्ता नाही. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

दुपारी वन्संनी मला ओढतच त्यांच्या गावातल्या देवीच्या देवळात नेलं. मंडपात एक गोल, काळपट खांब आहे, लोखंडी कडं असलेला. ती एका गलबताची डोलकाठी. शिडाच्या जहाजांच्या काळात गावची माणसं तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, गाड्यांत भरून घाट उतरली, वेंगुर्ल्याला मालाबरोबर गलबतात चढली. वादळात गलबत खडकावर आपटून फुटलं. माल बुडाला. माणसं मोडक्या डोलकाठीला लोंबकळली आणि लाटा त्यांना ओढू लागल्या. धोतरानं बांधून घ्यावं, तर स्वतःला बांधायला हात सोडावे लागणार. मग एकानं शेजारच्याला कवेत घेऊन काठीशी बांधलं. बांधलेल्याचे हात मोकळे झाले, त्यानं पुढच्याला बांधलं. असे सगळे किनाऱ्याला लागले. काठीचा तुकडा त्यांनी बैलगाडीतून घाटावर आणून देवीपुढं उभा केला, आणि तिथली रीतही तेव्हापासूनचीच.

"वैनी, हितं सोतासाठी मागायचं न्हाय," वन्सं म्हणाल्या. "शेजारी उभा आसंल त्याच्यासाठी मागायचं."

माझं डोकंच फिरलं. "माझा माणूस हरवलाय वन्सं, आणि मी लोकांसाठी गाऱ्हाणं घालू?"

शेजारी शालन नावाची विड्या वळणारी बाई उभी होती. तिची लेक निपाणीच्या दवाखान्यात कालपासून बाळंतपणात अडली होती. वन्संनी माझी हकिकत सांगताच शालननं खांबाला मिठी मारली. "आई, ह्या आक्काचा मालक सापडू दे." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दिसाय कसं हायती?" मी तपकिरी स्वेटर सांगितला, ती 'जेवलासा काय'ची सवय सांगितली. तिनं वन्संचा फोन नंबर घेतला.

आता माझी पाळी. "हिच्या लेकीची सुटका होऊ दे," मी तोंडदेखलं पुटपुटले. मग तिच्याकडं नीट बघितलं. डोळे रडून सुजलेले, पायात चप्पलही नव्हती. तशीच लेकीला सोडून धावत आली होती बिचारी. मला भडभडून आलं. दुसऱ्यांदा म्हटलं ते पोटातून म्हटलं. तेवढा वेळ मला ह्यांचा विसर पडला होता, आणि छातीवरचा धोंडा जरासा हलला.

शालन दवाखान्यात परतली असेल नसेल, तोच वन्संचा फोन वाजला. "आक्का, तपकिरी स्वेटर! हितं दवाखान्यात बाकड्यावर बसल्यात. पाय सुजलाय, कुणीतरी आणून पट्टी बांधलीया. मला इचारत्यात, जेवलासा काय? या बिगीबिगी!"

कुणी म्हणेल, निपाणीत हरवलेला माणूस दवाखान्यातच सापडायचा. म्हणू दे. मी गेले तेव्हा शालन ह्यांना बशीतून चहा पाजत होती. तिच्या लेकीची सुटका अजून झाली नव्हती. "जावा आक्का, घरला न्हेवा त्यास्नी," ती म्हणाली. रिक्षा दारात उभी होती, पण माझा पाय निघेना. मी तिचा हात हातात घेऊन बाकड्यावर टेकले. जन्मभर सगळं मीच घट्ट धरून ठेवलं, अशी माझी घमेंड होती. ती त्या दिवशी गळाली, आणि देवीच्या पायाशी डोकं ठेवायला मला देऊळ लागलं नाही.

हे माझ्याकडं परक्यासारखं बघत होते. "तुमचं कोण हाय आत?"

"आमची लेक," मी म्हटलं.

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "भिऊ नका. मी हाय न्हवं."

दिवेलागणीला आतून बाळाचा ट्यांहा आला, शालन पदरानं डोळे पुसत आत धावली, तरी ह्यांनी माझा हात सोडला नव्हता. देवी आई, तुझे उपकार गं बाई. मी दुसरीसाठी बसले होते, आणि मला बांधणारा माझ्या शेजारीच बसला होता.