माझा खोटा गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी मोबाईलमध्ये ॲप घालून दिलं तेव्हा मला वाटलं, झालं, सुटले एकदाची. खोकला आला, जिना चढले, की कळायच्या आत कपड्यांना शी लागायची. पन्नाशीत हे सांगायचं तरी कुणाला? नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. ॲप रोज विचारायचं, काय खाल्लं, व्यायाम केला का, कपडे खराब झाले का. व्यायाम म्हणजे शौच रोखून धरतो तसं आत आवळायचं आणि दहा आकडे मोजायचे. नक्की काय आवळतेय तेच मला कळेना. कधी कधी नुसते दातच आवळलेले असायचे!

दर गुरुवारी ऑफिसच्या कामाला भोरहून वेल्ह्याला जावं लागे. एसटीत काही झालं तर? म्हणून त्या दिवशी मी काही खायचेच नाही. कुणी विचारलं की 'दत्ताचा उपास'. खिचडीसुद्धा चालत नाही, कडक आहे, असंही ठोकून दिलं. ॲपमध्ये मात्र खाण्याचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येईना, मग मी आपली वरण-भात लिहून मोकळी. गुरुवारी कपडे कोरडे, की ॲप खूश. 'छान प्रगती!' आता ही प्रगती व्यायामाची, न खाल्लेल्या वरण-भाताची, की दत्ताची? बरी होत होते की नुसती उपाशी राहत होते, देव जाणे.

वेल्ह्यात माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. काम आटोपलं की एसटी येईपर्यंत मी त्यांच्याकडे टेकायचे. एका गुरुवारी गेले तर त्या उंबऱ्यातच बसलेल्या, घामाघूम, हात थरथरताहेत. त्यांना साखरेचा आजार.

"काय झालं? जेवला नाहीत?"

"उपास न्हाई का? तुझ्यावानी. समदी म्हनत्यात तुझा लई कडक. म्हटलं आपन बी धरावा, साखर तरी उतरंल. गोळी तेवडी घेतली."

उपाशीपोटी गोळी घेतल्याने साखर फारच उतरली होती. आधी त्यांना साखरपाणी पाजलं. त्यांना जरा तरतरी आल्यावर सगळं सांगून टाकलं. खोटा उपास, एसटीची धास्ती, शी. मोबाईलही दाखवला. रडू आवरेना.

"म्हंजी इतकं दिस तू उपाशीच हिंडतीस व्हय? येडी का खुळी!" असं म्हणत जाऊबाई उठल्या आणि दोन ताटं वाढली. पिठलं-भाकरी. "जेव."

जेवले. पोटभर जेवले. एसटीला अजून अर्धा तास होता. उठताना ठसका लागला आणि व्हायचं तेच झालं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आपली धुतलेली साडी आणि परकर माझ्यापुढे ठेवला. मी बदलून येते तोवर माझे कपडे उचलून मोरीत नेलेसुद्धा. मी मागे धावले. "अहो, राहू द्या, मी धुते ना!"

"बस गं गप," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचं हगनं-मुतनं दोन वर्सं म्याच काढलं. तवा तू भोरात हापिसात हुतीस."

तो टोमणा होता की नुसतंच बोलणं, मला अजून कळलेलं नाही. त्या साबण लावून घासत होत्या. मी तांब्याने पाणी ओतत राहिले.