पडद्यामागून दिसलेला हात

आमच्या घरात एक विळा होता, तो घरातल्या कुणाच्याच कामाचा नव्हता. माझे यजमान डावखुरे. साध्या विळ्याचे दाते उजव्या हाताच्या बेतानं काढलेले असतात. डाव्या हातात धरला तर तो ज्वारीच्या ताटावरून नुसता घसरतो. म्हणून लग्नाआधीच त्यांनी गावच्या लोहाराकडून उलट्या दात्यांचा विळा करवून घेतला होता. जेवायला तेवढा उजवा हात, कारण लहानपणी सासूबाई पानावर बसताना त्यांचा डावा हात फडक्यानं बांधून ठेवायच्या. बाकी दोर वळणं, कांदा चिरणं, बैलाची पाठ थोपटणं, सगळं डाव्यानं. मी नवी नवरी होते तेव्हा मान वर करून त्यांचं तोंड बघायची सोय नव्हती. खाली बघत मी त्यांचे हातच बघत असे.

ते घर सोडून गेले एका बैलापायी. माणसं जमिनीवरून भांडतात, आमच्याकडचे बापलेक बैलावरून भांडले. सासरे म्हणाले, म्हातारा झाला, विकून टाकू. हे म्हणाले, नाही. सासऱ्यांनी विकला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे तापीवर आंघोळीला म्हणून गेले आणि परत आलेच नाहीत. नदीकाठ धुंडाळून झाला. मग कुणीतरी सांगितलं की धुळ्याला पलटणीची भरती चालली होती, तिथं दिसले होते. लढाईचे दिवस होते, भरतीवाल्यांना माणसं हवीच होती. मला मात्र एका शब्दानं सांगितलं नाही. त्याचा राग मला अजून आहे, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर भरल्या घरात मी एकटी झाले. सासऱ्यांना माझ्याकडे बघवेना. दीर कामापुरतं बोलत. जाऊ मनानं चांगली, पण तिला कच्चीबच्ची, तिला कुठला वेळ? मला मूल नव्हतं. संध्याकाळी भाकरी थापताना एक जास्तीची थापली जाई. जाऊ ती सकाळच्या शिळ्यात टाकी. पलटणीतून ना पैसा आला, ना कागद. घरावरच्या रागात त्यांनी तिथं गावाचं नाव तरी खरं सांगितलं असेल का, कोण जाणे.

काही वर्षं अशी गेली आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं. त्यांना एकच ध्यास लागला. पोरगा जिवंत असेल तर बरंच, पण मेला असेल आणि त्याचं कुणी केलं नसेल तर तो तहानेला भटकत असेल. ज्याचा पत्ता नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, दहावं-तेरावं करायचं, अशी रीत आहे. त्यासाठी बारा वर्षं वाट बघतात. सासूबाईंकडे बारा वर्षं नव्हती.

अशात सारंगखेड्याची यात्रा आली. तिथं तंबूतला सिनेमा येई. आमच्या शेजारचा, नात्यानं दीर लागणारा एकजण तो बघून आला आणि ओट्यावरूनच ओरडला, "वहिनी, तुन्हा धनी पडदावर दिखना! लढाईना चित्रमा. बटाटा सोली ऱ्हायना व्हता, नी हासना!"

तेव्हा खेळाच्या आधी सरकारी लढाईची चित्रं दाखवत. सासऱ्यांनी लगेच बैलगाडी जुंपायला लावली; स्वतः सासूबाईंपाशी थांबले आणि बैलांपाशी राहायला एक गडी देऊन मला धाडलं. निघताना सासूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तू देखी ये. तोच शे का ते तूच सांग. तू सांगशी तेच मी मानसू." सगळ्या घरात यांना ओळखणारी मीच एक, हे त्या दिवशी सासूबाईंना पटलं होतं.

तंबूत मधोमध पांढरं कापड ताणलेलं होतं. पुढे पुरुष, कापडाच्या मागे बायका. बायकांना मागची जागा, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात काही वेगळं असेल असं डोक्यातही आलं नाही. मी कधी सिनेमा पाहिलेला नव्हता. दिवे गेले, कापडावर विमानं उडाली, तोफा धडधडल्या, बायका किंचाळल्या. मग एक मोकळं मैदान आलं. मोठाले हंडे, धूर, आणि बटाट्याच्या ढिगाभोवती बसलेले शिपाई. त्यातल्या एकानं मान वर केली आणि हसला.

तेच तोंड. तेच किंचित पुढे आलेले दोन दात. माझ्या तोंडून हुंदका निघणार, तोच माझी नजर सवयीनं खाली गेली. सुरी उजव्या हातात होती. सराईतपणे साल निघत होतं, उजव्या हातानं. चित्र पुढे सरकलं, दुसरे शिपाई आले, बँड वाजला. मला वाटलं, तोंडासारखं तोंड असू शकतं, हात कसा बदलेल? हे ते नव्हेत. पुढे देवाधर्माचा खेळ होता, बायका नारळ घेऊन आल्या होत्या. मी थांबले नाही. अंधारात पाय तुडवत, शिव्या खात बाहेर आले.

घरी सासूबाई जाग्याच होत्या. "तोच व्हता का?"

"नही," मी म्हणाले.

कसं ओळखलं, हे कुणी विचारलं नाही. नवऱ्याचे हात मी किती न्याहाळले होते हे चारचौघांत सांगायचं तरी कसं? आणि माझा एक शब्द पुरेसा झाला. पलटणीत चौकशीला जायला सासऱ्यांनी ठेवणीतले कपडे बाहेर काढून ठेवले होते, ते त्यांनी पुन्हा खुंटीला टांगले. गुरुजी आधी नाही म्हणाले, मग सासूबाईंची अवस्था बघून कबूल झाले. प्रकाशाला तापीच्या काठी पळसाच्या पानांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. धाकट्या दिरानं अग्नी दिला. पानं ओली होती, धूरच फार झाला. माझ्या बांगड्या तिथंच फोडल्या. सासूबाई पुढच्याच पंधरवड्यात शांतपणे गेल्या, आणि मला वाटलं, चला, एकीचा जीव तरी सुटला.

लढाई संपली. पलटणीतले लोक परत आले, आमच्या घरी कुणी आलं नाही. येणारच नव्हतं; आम्ही तर जाळून आलो होतो.

नंतरच्या एका यात्रेत जावेनं मला ओढून तंबूत नेलं. म्हणाली, पोरं सांभाळायला तरी चल. पुन्हा तीच कापडामागची जागा. या वेळी मी शेवटपर्यंत बसले. पंगतीचा प्रसंग आला. ऋषी, राजा, झाडून सगळे डाव्या हातानं जेवायला लागले. पोरं खिदळली. मी जावेला विचारलं, हे असे काय जेवतात?

ती हसत म्हणाली, "मांगेथून देखं का उजवं ते डावं दिखस नी डावं ते उजवं. तुले माहीत नही का?"

तिला माहीत होतं. शेजारच्या बायकांना माहीत होतं. मांडीवरच्या पोरीलासुद्धा माहीत होतं. मला तेवढं ठाऊक नव्हतं. खेळ संपल्यावर मी तंबूवाल्याला जाऊन विचारलं, ते लढाईचं चित्र परत लावाल का, मला एकदा पुढून बघायचंय. विधवा बाई पुरुषांच्या बाजूला येऊन हे काय मागते, म्हणून तो बघतच राहिला. मग म्हणाला, ती रिळं केव्हाच परत गेली, लढाई संपली ना बाई.

गाडीत जाऊ बडबडत होती. मी तिला काही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? ते माझ्याकडे बघून हसले होते आणि मी उठून आले होते. ते कुठेतरी जिवंत असतील, नसतीलही. पण त्या दिवशी तरी मी त्यांना पाहिलं होतं, आणि नाही म्हणाले होते.

पुढे ज्वारीच्या कापणीआधी लोहार अंगणात येऊन बसला. सासऱ्यांनी घरातले विळे त्याच्यापुढे टाकले आणि तो उलट्या दात्यांचाही टाकला. म्हणाले, "याना दाता घसी टाक नी उजवा काढ. फुकट टांगेल शे."

त्या घरात मी सासऱ्यांपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. मी ओसरीवरून खाली उतरले आणि लोहाराच्या पुढ्यातून तो विळा उचलला.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "धनी येतीन तवय त्यास्ले लागी."

लोहाराचा भाता थांबला. सासरे माझ्या मोकळ्या मनगटांकडे बघत राहिले. मी आत गेले आणि विळा होता त्या खुंटीला परत अडकवला.