मागच्या नळावरची आंघोळ

आमच्या माडीवरचा भाडेकरू गिरीराज पेपरात खुनाच्या बातम्या लिहितो. बोलणं असं गोड, की मल्लेश्वरमची आमची सगळी गल्ली त्याच्यावर खूश. मला मेलीला इतका गोडवा सोसत नाही. पण एक आहे. प्रेत बघून आलास तर मागच्या नळावर अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ केल्याशिवाय घरात शिरायचं नाही, हा माझा नियम त्याने कधी मोडला नाही.

आज सकाळीही तो नळाखाली कपड्यांसकट बसलेला दिसला. कुणाचं प्रेत बघून आला असेल, म्हणत मी कॉफी टाकायला आत गेले. मग कोरडे कपडे घालून तो माझ्याकडे कॉफीला आला. तेवढ्यात त्याच्या ऑफिसचा फोन वाजला.

"काय? राजाजीनगरात खून? आत्ताच कळलं?" तो केवढा दचकला! मग माझ्याकडे बघून हसला. "बघा अक्का, कालपासून सुट्टी म्हणून घराबाहेर पडलो नव्हतो. जावं लागणार. काळजी करू नका, आल्यावर आंघोळ करूनच घरात येईन."

"सरी, बरं," म्हणत मी मागच्या दाराकडे वळले.

मागच्या दोरीवर त्याचा सकाळचा शर्ट अजून ठिबकत होता.