जळालं की जाळलं

अनंतराव सेलूच्या कॉलेजात इतिहास शिकवत. पोट भरत होतं ते राजे-रजवाड्यांच्या सनावळ्यांवर, जीव मात्र अडकला होता साध्या माणसाच्या हक्कांत. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरं पेटली. अनंतरावांनी पीएच.डी.ला तोच विषय धरला.

मार्गदर्शक म्हणाले, ‘घरं जळाली’ असं लिहा. अनंतराव म्हणाले, ‘जाळली’. काना ‘ळ’वरून उचलून ‘ज’ला द्यायचा, एवढाच काय तो फरक. पण त्यावर प्रबंध अडून बसला. मार्गदर्शकांनी सांगितलं, तसं म्हणणारा साक्षीदार आणा.

साक्षीदार होती मानवतजवळच्या एका खेड्यातली कडूबाई. तिचं घर सगळ्यात आधी पेटलं होतं. अनंतराव दरवर्षी जायचे, विचारायचे. ती म्हणायची, ‘‘जळालं, सर.’’ तेवढंच ते लिहून घ्यायचे. कुणाच्या तोंडात शब्द घालायचा नाही, हा त्यांचा नेम.

दुसराही नेम होता. गावात शिरलं की आधी माणिकराव पाटलांकडे जायचं. शिकलेल्या पाहुण्यानं दुसरीकडे उतरणं बरं दिसत नाही. स्कूटर त्यांच्या दारात, चहा त्यांच्या ओसरीवर. मग त्यांचा गडी सटवाजी कडूबाईच्या घरापर्यंत सोबत यायचा आणि बोलणं संपेस्तोवर दारात बिडी ओढत बसायचा. एवढ्या शिकलेल्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये, याचा मला अजून राग येतो.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली. दोन दिवसांनी अनंतराव तिळगूळ घेऊन गावात गेले. माणिकराव परभणीला गेलेले, दाराला कुलूप. मग ते एकटेच कडूबाईकडे गेले.

‘‘तिळगूळ घ्या, गोड बोला,’’ सवयीनं ते म्हणाले.

कडूबाईनं त्यांच्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

‘‘आज पाटलाकडून न्हाई आलात?’’

‘‘कुलूप आहे.’’

तिनं तिळगूळ हातातच ठेवला. ‘‘लय गोड बोलले मी, सर. आता लिव्हा. जाळलं.’’

अनंतरावांचं पेन थांबलं. ‘‘कुणी?’’

‘‘ज्याचा चहा पिऊन तुमी माझ्याकडं यायचात, त्यानं.’’

अनंतरावांनी प्रबंधातलं कडूबाईच्या घराचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. त्याची सुरुवात माणिकरावांच्या ओसरीवर त्यांनी स्वतः घेतलेल्या चहापासून होते.