रविवारी सकाळी विद्याचं पत्र येतं

गाणाऱ्यांच्या टोळक्यात राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमचे तर ईमेलच्या इनबॉक्समध्येच साचलेत, तारीखवार. कोणी "थापा मारतोस" म्हणालं की मी सरळ मोबाइल पुढे करतो.

आम्ही तिघं. विद्या स्वतःची गाणी लिहिते, गाते आणि आठवडाभर पनवेलमधल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायला घेते. इक्बालभाई बासरी वाजवतात. एरवी ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवतात. मी प्रसाद, पेटी वाजवतो आणि कॉलेजात गणित शिकवतो.

आमच्या पहिल्या कार्यक्रमाला सतरा माणसं होती, त्यातली पाच नात्यातली. कार्यक्रम संपल्यावर विद्याने एक शाळेची वही फिरवली. ज्यांना पुढचं गाणं ऐकायचंय त्यांनी आपला ईमेल लिहा, म्हणाली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की हल्ली बँकेशिवाय कोणी ईमेल करत नाही, त्यापेक्षा रील टाक.

"रील कोणालाही दिसते," ती म्हणाली. "पत्र ज्याचं त्याला जातं."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तिचं पत्र जातं. आठवड्यात काय सुचलं, काय जमलं नाही ते लिहिते, आणि जमलं असेल तर खाली गाण्याचं रेकॉर्डिंग.

*

त्या वहीत एक पत्ता कुलकर्णी नावाच्या गृहस्थांचा होता. अक्षर असं की सात आहे की एक, कळेना. विद्याने अंदाजाने एक आकडा टाकून पत्र पाठवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, नागपूरहून. "मी कुलकर्णीच आहे, पण तुम्हाला हवा असलेला नव्हे. मी पनवेल कधी पाहिलेलं नाही. पत्र मात्र पूर्ण वाचलं. पुढचंही पाठवा."

विद्या पाठवत राहिली. वर्षभराने आमचा कार्यक्रम होता. एक गृहस्थ तावातावाने आले. आपण पत्ता देऊनही एकही पत्र आलं नाही, अशी त्यांची तक्रार होती. विद्या माफी मागणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक उंच म्हातारे पुढे आले. हातात प्रवासाची बॅग होती.

"तुमची पत्रं माझ्याकडे आहेत," ते म्हणाले. "सगळी प्रिंट काढून आणलीत."

*

यादी वाढली तसं मी विद्याला एक सॉफ्टवेअर लावून दिलं. एक पत्र लिहायचं आणि प्रत्येकाला त्याच्या नावाने आपोआप जातं. गणिताचा मास्तर असूनही मी ते नीट तपासलं नाही. रविवारी सगळ्यांना पत्र गेलं ते असं: "प्रिय नाव".

विद्या माझ्यावर चिडली. संध्याकाळी तिने इनबॉक्स उघडला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. उत्तरांचा ढीग होता. एका बाईंनी मुलाच्या परीक्षेबद्दल लिहिलं होतं, एकाने नव्या गाण्याच्या चालीबद्दल. आणि प्रत्येकाने खाली सही केली होती, "आपला, नाव." "तुमचीच, नाव." कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं, एकमेकांचे पत्तेही त्यांच्याकडे नव्हते. आम्ही दोघं बराच वेळ नुसते वाचत बसलो.

*

एका रविवारी विद्या आजारी होती, म्हणून पत्र इक्बालभाईंनी लिहिलं. त्यांनी लिहिलं की क्रेनवरून लोखंडी पत्रा खाली ठेवताना तो वाजतो, आणि आमच्या यार्डातला एका ठराविक जाडीचा पत्रा बरोबर गंधारात वाजतो.

पुण्याहून एका पियानो दुरुस्त करणाऱ्या काकांचं उत्तर आलं, असं होणं कठीण आहे. इक्बालभाईंनी उलट लिहिलं, या आणि ऐका. ते खरंच आले. भर दुपारी, डोक्यावर हेल्मेट घालून, हातात सूर मोजायचं यंत्र धरून यार्डात उभे राहिले. पत्रा वाजला. काकांनी यंत्र बघितलं आणि गंधार आहे पण जरा उतरलाय, असं सांगितलं.

"दुपार आहे ना साहेब," इक्बालभाई शांतपणे म्हणाले. "पत्रा तापलाय. सकाळी या."

महिन्याभराने काका परत आले, सकाळी सात वाजता. पत्रा वाजला. त्यांनी यंत्राकडे एकदा बघितलं, ते बंद करून खिशात घातलं आणि इक्बालभाईंना म्हणाले, "अजून एकदा वाजवा."

*

आपटा गावी नदीकाठच्या शाळेत कार्यक्रम झाला, तेव्हा विद्याने सवयीप्रमाणे वही फिरवली. सोमीबाई नावाची वीटभट्टीवर काम करणारी एक बाई वही हातात घेऊन बसून राहिली. तिच्याकडे ईमेल नव्हता आणि लिहिताही येत नव्हतं.

"मंग आमाला नाय का येनार?" तिने विचारलं.

अंगणवाडीच्या ताईंनी तिथल्या तिथे स्वतःचा पत्ता लिहिला आणि सोमीबाईला पत्र वाचून दाखवायचं कबूल केलं. पुढे विद्याचं एक गाणं गेलं. त्यात रानात एकटाच घुमणारा भारद्वाज होता. उत्तर आलं ताईंच्या पत्त्यावरून, पण बोल सोमीबाईचे, जसेच्या तसे टाइप केलेले:

"गाना चांगला हाय. पन तो पाखरू येकला नाय बोलत. येक बोलतो, मंग दुसरा बोलतो. दुसऱ्याला तुमी का काढला?"

आम्ही पुढच्या सुट्टीला आपट्याला गेलो. सोमीबाईने आम्हाला बांबूच्या बेटाजवळ नेऊन गप्प बसवलं. थोड्या वेळाने एक घुमला. तो थांबतो न थांबतो तोच नदीच्या बाजूने दुसऱ्याने उत्तर दिलं, थोड्या वरच्या सुरात. विद्याने ती ओळ बदलली. आता त्या गाण्यात दर ओळीला बासरी उत्तर देते.

*

गेल्या वर्षी विद्याच्या स्वरतंतूवर गाठ आली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने एक शब्दही बोलायचा नाही, असं बजावलं. पूर्वीसारखं गाता येईल का, यावर त्यांनी काही सांगायचं टाळलं. विद्याने हे सगळं पत्रात लिहिलं. गाणी येणार नाहीत, ज्यांना यादीतून नाव काढायचंय त्यांनी खुशाल काढा, असंही लिहिलं.

चार महिन्यांनी आम्ही पनवेलमध्ये छोटा हॉल घेतला. तारीख पत्राने कळवली. त्या दिवशी सकाळी तिने सा लावला आणि तो अर्ध्यावर तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. मी पेटी बंद केली. तिने माझ्यासमोर बसून सगळ्यांना पत्र लिहिलं: "माझा आवाज येत नाहीये. आज गाणं होणार नाही. कृपया येऊ नका."

संध्याकाळी आम्ही हॉलवर गेलो, चुकून कोणी आलंच तर परत पाठवायला. दार उघडलं तर हॉल भरलेला. मागे भिंतीला टेकून माणसं उभी होती. विद्या दारातच थांबली. मी पुढच्या रांगेतल्या एका आजींना विचारलं, पत्र मिळालं नाही का?

"मिळालं ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर लवकर आलो."

विद्या स्टेजवर जाऊन बसली आणि तिने तानपुरा जुळवला. इक्बालभाईंनी बासरी पिशवीतून काढलीच नाही. तासभर फक्त तानपुरा वाजत होता, आणि एकही माणूस उठला नाही.